सारखं नाव का विचारतात?

प्रश्न: आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आधी जो येईल तो नाव काय, कुठला गुडघा हेच विचारत होता, वर पेनने खूण केली. फाईल कुणी वाचत नाही का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: वाचतात हो, तरी चुकीच्या पेशंटचं किंवा चुकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ नये म्हणून मुद्दाम विचारतात! जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, त्यात नाव, जागा आणि खूणही आली, भूल द्यायच्या आधी, कापायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी तपासायची. दिल्लीसह आठ शहरांत वापरून बघितली तर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं, अर्थात नुसत्या टिका मारल्या तर काय उपयोग, नर्सने सर्जनला ‘सर, थांबा’ म्हणता आलं पाहिजे आणि आपल्याकडे तेच अवघड. दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी आईंनी न चिडता पूर्ण नाव सांगावं.