माझा टोड (खरखरीत कातडीचा बेडूक) चिमट्यातलं खातो, पण जिवंत रातकिडा त्याच्या जिभेवरून निसटतो. तो आजारी आहे का?

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत: चिमट्यातला मेलेला किडाही तो लगेच घेतो, खाण्याआधी मागच्या पायाचं बोट नाचवतो आणि जिवंत रातकिड्यावर जीभ मारूनही किडा सुटतो. पहिल्या दोन गोष्टींची काळजी सोडा. तिसरीकडे मात्र लगेच लक्ष द्या.

भक्ष्य दिसलं की बोट थरथरणं हे पुष्कळ टोड करतात. चिमट्याचा मामला सवयीचा आहे. टोड भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः हालचालीवरून. जर्मन शास्त्रज्ञ योर्ग-पेटर एवर्ट यांनी टोडसमोर पट्ट्या सरकवून पाहिल्या. पट्टी अळीसारखी आडवी, लांबीच्या दिशेने सरकली की टोड तिच्यामागे लागे. तीच उभी धरून सरकवली की ढिम्म बसे. पण ही उपजत ओळख शिकण्याने बदलते. हातून अळ्या खाल्लेले टोड पुढे नुसत्या हातावरही झेपावू लागले. तुमच्या टोडसाठी आता चिमटा हलला म्हणजे जेवण आलं.

आता जीभ. माझ्या मादी टोडचा नेम चुकतोय असं मी कितीतरी आठवडे समजत होते आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. नेम बरोबर होता. जीभ किड्याला लागत होती, चिकटत नव्हती. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशी बिघडतात आणि भूक असूनही टोड उपाशी राहतो. बंदिवासात वाढवलेल्या, अमेरिकेतल्या वायोमिंग टोड या जातीमध्ये हा विकार ठळकपणे दिसला होता. पाळीव रातकिड्यांत तयार अ जीवनसत्त्व फारच थोडं असतं आणि गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून ते बनवणं बऱ्याच उभयचरांना नीट जमत नाही. म्हणून किड्यांना लावायच्या तुमच्या जीवनसत्त्वांच्या भुकटीच्या डबीवर रेटिनॉल (म्हणजे तयार अ जीवनसत्त्व) लिहिलंय का, ते आधी बघा. नुसतं बीटा-कॅरोटीन असेल तर भागणार नाही.

मात्र मनाने औषधाचे थेंब देऊ नका, जास्त झालेलं अ जीवनसत्त्वही घातक ठरतं. मात्रा उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यानेच ठरवावी. तोवर चिमट्यानेच खाऊ घाला, गांडूळ घेत असेल तर उत्तम. आणि तो रातकिड्यावर जीभ मारतानाचा स्लो मोशन व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. किडा जिभेला लागून सुटतो की जीभ पोचतच नाही, हे त्यात स्पष्ट दिसतं.