डिसेंबरातला होकार

तुमचा प्रश्न परवा वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. थोडक्यात तुमचं असं: तुम्ही पुण्यात, मिस्टरांची एल-१ वर (कंपनी तिच्याच परदेशी कचेरीत पाठवते तो व्हिसा) अमेरिकेत न्यू जर्सीला बदली, जूनमध्ये सगळं बिऱ्हाड हलणार. लेक बारावीत, सीबीएसई. बदलीचं कळायच्या आधीच तिने नोव्हेंबरात अर्ली अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे लवकरच्या मुदतीत, अर्ज केला होता आणि गेल्या आठवड्यात मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाचा होकार आला. आता १ जानेवारीच्या आत आणखी आठ-दहा ठिकाणी अर्ज करावेत, की हेच धरून स्वस्थ बसावं? शिवाय धाकट्याच्या सहावीचं कसं, आणि शेवटी एका ओळीत, "तिकडे एकटं वाटतं का हो?"

वाटतं. पहिली दोन वर्षं जास्त, मग सवय होते. व्हिटॅमिन डी घ्या, गाडी चालवायला लवकर शिका. पुढे जाऊ.

व्हिसा, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म), बँकेचे कागद यांबद्दल मी काही सांगत नाही. ते सगळं सरकारी पानांवर आहे आणि माझ्या माहितीपेक्षा ताजं आहे.

होकाराचं पत्र मात्र पुन्हा एकदा नीट वाचा. अर्ली डिसिजन असेल तर तिची, तुमची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही आधीच झालेली असते. होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, सुटका फक्त पैशाची मदत पुरेशी मिळाली नाही तर. मग ठरवण्यासारखं काही उरतच नाही. अर्ली अ‍ॅक्शन असेल तर बांधिलकी नाही, उत्तर द्यायला साधारण १ मेपर्यंत वेळ असतो. नावं इतकी सारखी आहेत की माझ्या ओळखीत दोन घरांनी यात घोळ घातलाय, आणि दोन्हीकडचे बाप इंजिनिअर.

आपल्या कॅप राउंडची, म्हणजे महाराष्ट्रातल्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांची, सवय असलेल्या आईबापांची इथे गंमत होते. तिथे पहिल्या पसंतीची सीट लागली की आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेरीत जायची सोयच नाही. खालची लागली तर बेटरमेंट घ्या, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघा, पण वरची मिळाली की आधीची गेली. इथे हातातली जागा जागेवर राहते आणि तुम्ही अर्ज करत सुटायला मोकळे; कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जाच्या साइटवर, तर वीस कॉलेजांपर्यंत. फुकटचं बेटरमेंट! आम्हालाही तसंच वाटलं होतं.

१३ डिसेंबर २०१८. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. घट मांडला होता, इथे डहाळ्या कुठल्या, इंडियन स्टोअरमधली विड्याची पानंच कलशात. मी शिरा ढवळत होते. लेकीने डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला, स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि ती किंचाळली. आमच्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ, तिला हवी होती तीच शाखा, वर थोडी स्कॉलरशिप. उन्हाळ्यात बघायला गेलो होतो तेव्हा तिथून घेतलेला टी-शर्ट तिने त्या दिवशी मुद्दाम घातला होता. तिने मला मिठी मारली तेव्हा माझे तुपकट हात तिच्या पाठीवर उमटले. "आई, झालं!" म्हणाली. साडेसहाला हे आले. बूटही काढले नव्हते. "अरे वा! मस्त. बाकीचे कुठपर्यंत आलेत?"

मी काही बोलले नाही असं सांगितलं तर खोटं होईल. मी म्हणाले, "जेवण झालं की यादी काढू."

असं का वागलो ते सांगायला मागे जावं लागेल, आणि त्यात तुमच्या धाकट्याचंही उत्तर आहे. आम्ही २००९ मध्ये अमेरिकेत आलो तेव्हा ती तिसरीत होती. शाळेच्या प्रवेशाच्या कागदांत एक फॉर्म होता, घरात कोणती भाषा बोलता? मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. नाशकात इंग्रजी माध्यमात शिकलेली, गोष्टीची पुस्तकं फडशा पाडणारी माझी पोर त्या एका शब्दावरून चाचणीला बसवली गेली. परक्या वर्गात घाबरून तोंड उघडलं नाही, आणि तिला ईएसएलला, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या तासाला, टाकलं. तो तास नेमका गणिताच्या जादा तासाच्या वेळी. दोन वर्षं ती त्या तासाला वर्गाबाहेर. सहावीत गणिताचे गट पाडले तेव्हा ही वरच्या गटात नाही. आणि इथे सहावीचा गट म्हणजे साधी गोष्ट नाही हो! आठवीत अल्जिब्रा झालं नाही तर बारावीत कॅल्क्युलस येतच नाही. शाळेत तीनदा जाऊन बसलो. "ती छान करतेय" एवढंच ऐकून परत. शेवटी एका उन्हाळ्यात फी भरून जॉमेट्री करून घेतली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. नंतर कळलं, बाकीच्या देशी आयांनी त्या रकान्यात सरळ 'इंग्लिश' लिहिलं होतं. तुम्ही खोटं लिहा असं मी म्हणत नाही. पण धाकट्याचा गणिताचा गट कोणत्या परीक्षेवर ठरवणार ते पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा, तोंडी नाही, आणि त्याची पाचवीची गणिताची वही सोबत आणा.

तर २०१८ च्या डिसेंबरात आम्हाला त्या शाळेचा हिशेब चुकता करायचा होता. एखाद्या मोठ्या नावाचं पत्र आलं असतं की ते फ्रेम करून… जाऊ दे. अकरा अर्ज केले. एकेकाची फी ७५ ते ९० डॉलर, शिवाय मदतीच्या फॉर्मचे वेगळे. नाताळची सुट्टी त्यात गेली. ३१ तारखेला रात्री साडेअकराला तिने शेवटचा अर्ज पाठवला आणि 'हॅपी न्यू इयर' न म्हणता झोपायला गेली.

मार्चअखेर उत्तरं आली. नऊ नकार, एक वेटलिस्ट, एक होकार पण फी न झेपणारी. १ मेच्या दोन दिवस आधी तिने डिसेंबरातल्याच विद्यापीठाचं डिपॉझिट भरलं. तीच जागा, तीच शाखा, तीच स्कॉलरशिप. पण डिसेंबरात जी पहिली पसंती होती ती एप्रिलमध्ये उरलेली झाली होती. तो टी-शर्ट मी पुन्हा तिच्या अंगावर पाहिला नाही.

नकारांचं एक कारण मला पुढे कळलं, ते तुमच्या कामाचं आहे. नऊ वर्षं इथल्या शाळेत शिकून, रोज सकाळी यांच्या झेंड्यासमोर प्रतिज्ञा म्हणूनही पैशाच्या मदतीच्या रकान्यात ती 'इंटरनॅशनल'च होती, कारण तिचा व्हिसा एच-४, बापाच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळतो तो. तुमची एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आली तरी तेच. सरकारी मदत नाही, तिचा अर्ज म्हणजे फाफ्सा, तो विसरा. आणि बहुतेक खासगी कॉलेजं परदेशी मुलांनी मदत मागितली की ती गोष्ट निवडीत धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच धरत नाहीत, आणि तिथे आत जाणं किती कठीण ते वेगळं सांगायला नको. आम्ही अकरापैकी सात ठिकाणी 'मदत हवी' वर टिक केली होती. म्हणजे सात ठिकाणी स्वतःच्या हाताने वजन बांधून पोरीला पळायला लावलं.

तुमचं गणित थोडं वेगळं आहे, कारण बदलीची बातमी अर्जानंतर आली. न्यू जर्सीत घर असणार असेल तर तिथलं एखादं सरकारी कॉलेज यादीत असणं मला पटतं, अर्थात अजून अर्ज घेत असेल तर. मात्र स्वस्त पडेल या हिशेबात राहू नका. तिथे राज्यातली फी लागायला बारा महिन्यांच्या वास्तव्याची अट आहे. जूनमध्ये येऊन ऑगस्टमध्ये कॉलेज म्हटल्यावर पहिल्या वर्षी राज्याबाहेरच्यांची जास्तीचीच फी धरा. आम्ही नऊ वर्षं त्याच राज्यात, तरी विद्यापीठाने व्हिसा बघून बाहेरचं बिल पाठवलं होतं. भाडेकरार, टॅक्सचे कागद, लायसन्स असं सगळं दोनदा पाठवून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ते दुरुस्त झालं. आणि एकविसाव्या वाढदिवसाला एल-२ संपतो, मग एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे केकच्या शेजारी फॉर्म पडले होते.

नावाचंही बघून घ्या. पासपोर्टवर आपल्याकडे मुलीच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं. माझ्या लेकीला तिसरीत आठवडाभर बाई तिच्या बापाच्या नावाने हाक मारत होत्या आणि ती बिचारी 'येस मॅम' म्हणत होती. पुढे सॅट (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) एका नावाने, शाळेचे मार्क दुसऱ्या नावाने, जानेवारीभर 'तुमचे कागद मिळालेले नाहीत' अशा ईमेल.

तर अर्ज करावेत का? प्रत्येक नावापुढे लेकीला विचारा: इथून हो आलं तर हातातलं सोडशील? 'हो' झटकन आलं नाही तर ते नाव काढा. दोन-तीन उरतील. तेवढेच करा. जानेवारीत तिची प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्ड, आणि बारावीला मार्क घसरले तर आलेला होकारही मागे घेऊ शकतात. आणि जवळचं कॉलेज हवं हे तिला वाटतंय की तुम्हाला, तेही जरा तपासा. मला हे कुणी विचारलं असतं तर मी चिडले असते.

एक सांगायचं राहिलं. त्या अकरातल्या एका अर्जात अडीचशे शब्दांचा निबंध होता, घरातल्या कुणाबद्दल तरी. तिने माझ्यावर लिहिला. पहिल्या हिवाळ्यात मी तिला शाळेतून घेऊन किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबायचे, इंजिन चालू ठेवून नाशकात आईला फोन लावायचे, हसत बोलायचे आणि फोन ठेवला की स्टिअरिंगवर डोकं टेकून बसायचे. ती मागच्या सीटवर. मला वाटायचं ती पुस्तक वाचतेय. तिने लिहिलं होतं की त्या वेळी ती पान उलटण्याचा आवाज मुद्दाम करायची, आईला वाटावं आपलं लक्ष नाही म्हणून.

मी तो वाचला आणि म्हणाले, "हे काढ, रोबोटिक्सवर लिही." तिने काढला. नऊ नकारांत तेही एक कॉलेज होतं. तो निबंध मात्र माझ्याकडे अजून आहे, तिने डिलीट करायच्या आधी मी स्वतःला ईमेल केला होता. हे तिला माहीत नाही.

तुमच्या प्रश्नात रँकिंग तीनदा आलंय, फी चारदा. ती काय म्हणतेय ते एकदाही नाही. आज रात्री जेवताना विचारा, आणि काय म्हणाली ते मला कळवा. मी थांबलेय.