पाचवी सिम्फनी: कुठलं रेकॉर्डिंग आधी ऐकू?

बेटा, एकदम पाच-सहा रेकॉर्डिंगं जमवू नकोस. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची दोनच घे: कार्लोस क्लायबरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं, 1974 मधलं, आणि ऑटो क्लेम्पररचं फिलहार्मोनियाबरोबरचं. दोघंही वाद्यवृंदाचे संचालक, आणि ही त्यांच्या वाद्यवृंदांची नावं. क्लायबर घोड्यावर बसून आलाय, क्लेम्परर दगडी पायऱ्या चढतोय. सूर तेच, कागद तोच, पण लय बदलली की अर्थच बदलतो. आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकावी तसं समज.

ठाण्याहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये मात्र ऐकू नकोस. तिसऱ्या भागाच्या शेवटी तंतुवाद्यं एक स्वर धरून ठेवतात आणि खाली टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, हळू हळू ठोके देत राहतात, नाडी लागावी इतके हलके. गाडीच्या खडखडाटात ते गेलंच! मी घोडबंदर रोडवरची रहदारी निवली की रात्री अकरानंतर लावतो. त्या ठोक्यांतून चौथा भाग फुटतो, ट्रॉम्बोन, ही पितळी फुंकवाद्यं, या सिम्फनीत इथे पहिल्यांदा वाजतात, आणि अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

पहिल्या भागात सुरुवातीची धून परत येते, तिथे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटी ओबो, सनईसारखं फुंकवाद्य, बोलते. तेवढाच तुकडा दोन्हींत लागोपाठ लाव. कोण तिला श्वास घ्यायला वेळ देतो, ते बघ.

ही दोन पचली की संचालक गार्डिनरचं, जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग ऐक. आणि मुंबईच्या एनसीपीए सभागृहात कधी ही सिम्फनी लागली, तर मला सांग, बरोबर जाऊ.