एकाच खोलीवर दोन लेबलं

प्रश्न: मी कोथरूडच्या एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते. सोसायटीच्या प्लॅनवर 'किचन', 'बेडरूम' ही लेबलं प्रिंटमध्ये जाडजूड, धुरकट येतात. एक डिलीट केलं तर खाली तसंच दुसरं निघतं! ऑटोकॅडमध्ये (ज्या सॉफ्टवेअरवर प्लॅन काढते त्यात) ओव्हरकिल, म्हणजे डुप्लिकेट काढून टाकणारी कमांड, चालवून पाहिली तरी तसंच. काय करू?

उत्तर: आधी एक लेबल थोडं बाजूला सरकवा आणि खाली जे राहिलं त्यावर क्लिक करा. त्यावर क्लिक केल्यावर अख्खा प्लॅनच सिलेक्ट झाला तर ते लेबल एक्सरेफमधून, म्हणजे तुमच्या फाइलला जोडलेल्या दुसऱ्या मूळ फाइलमधून येतंय, म्हणजे कुणीतरी मूळ फाइलमधली नावं तुमच्या फाइलमध्ये पण कॉपी केलीत, मग तुमच्या फाइलमधली काढा, मूळ फाइलला हात लावू नका, ती बाकीचे पण वापरत असतात. नुसतं टेक्स्ट सिलेक्ट झालं तर प्रॉपर्टीजमध्ये दोन्हींची लेयर (ड्रॉइंगचा कुठला थर) बघा. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो, लेयर वेगळी असली की ओव्हरकिल त्यांना डुप्लिकेट धरतच नाही, त्याच्या खिडकीत दुर्लक्ष करायच्या गोष्टींमध्ये लेयरवर टिक करा आणि परत चालवा, पण त्याआधी फाइलची कॉपी ठेवाच कारण मुद्दाम एकावर एक काढलेल्या रेघा पण त्यात उडू शकतात.

मॉडेलमध्ये (जिथे प्लॅन काढता) एकच आणि लेआउटवरच (प्रिंटसाठी मांडलेल्या पानावर) दोन दिसतात? मग एकावर एक दोन व्ह्यूपोर्ट, म्हणजे त्या पानावर प्लॅन दाखवणाऱ्या चौकटी, आहेत का बघा.

आणि हो, ॲनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे आकार बदलणारं) लेबल सिलेक्ट केल्यावरच फिकट जोडीदार दिसत असेल तर ते वेगळ्या स्केलचं रूप आहे, प्रिंटमध्ये येत नाही, ते राहू द्या.