आकडा हुकला तर शिक्षा कोणाला?

प्रश्न : वकीलसाहेब, माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. यंदा तिने तळघरातली हीटिंग ऑइलची टाकी काढून विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवला. म्हणते, राज्याचा कायदाच आहे, 2030पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन निम्म्यावर आणायचं. माझी हयात सरकारी नोकरीत गेली, उद्दिष्टं कागदावर कशी ‘पूर्ण’ होतात ते मला ठाऊक आहे. हे हुकलं तर तुरुंगात कोण जाणार? आणि आपल्याकडे असा कायदा आहे का?
— एक निवृत्त अधिकारी, सांगली

उत्तर : तुरुंगात कोणी जात नाही. तरीही तो कायदा पोकळ नाही. दिवाणी वकिलीत मला मुदतीचं कलम शिक्षेच्या कलमापेक्षा जास्त वेळा कामी आलं आहे, आणि इथेही नेमकं तेच घडलं.

मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे त्याचा, पहिला कायदा 2008चा. 1990च्या तुलनेत 2020पर्यंत 10 ते 25 टक्के घट (सरकारने 25 ठरवली) आणि 2050पर्यंत किमान 80 टक्के. शिवाय पर्यावरण खात्याने 1 जानेवारी 2012पर्यंत नियम करून उत्सर्जनावर दरवर्षी उतरत जाणाऱ्या मर्यादा घालायच्या होत्या. तारीख उलटून गेली, नियम आलेच नाहीत. मग चार किशोरवयीन मुलं आणि पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या.

खात्याचा बचाव तुम्हाला फार ओळखीचा वाटेल : आमच्या योजना चालूच आहेत की! वीजकेंद्रांसाठी ईशान्येकडच्या राज्यांची कार्बन परवान्यांची व्यवस्था, मोटारींच्या धुराचे नियम, विजेच्या स्विचगिअरमधून गळणाऱ्या सल्फर हेक्झाफ्लोराइड या हरितगृह वायूवरचे नियम. खालच्या कोर्टाने हे मानलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 17 मे 2016 रोजी एकमताने फिरवलं. योजना असतील, पण प्रत्यक्ष उत्सर्जनाला वर्षागणिक कमी होणारी मर्यादा कायद्याने मागितली आहे, ती घाला. गव्हर्नर बेकर यांना त्याच सप्टेंबरात आदेश काढावा लागला आणि 2017च्या ऑगस्टमध्ये नियम झाले.

मुलगी म्हणते तो 2021चा कायदा : 2030ला 50 टक्के, 2040ला 75, 2050ला निव्वळ शून्य (म्हणजे जेवढं उत्सर्जन, तेवढंच शोषून घेणं). त्यात वीज, वाहतूक, घरांचं हीटिंग अशा क्षेत्रांना वेगवेगळ्या मर्यादा ठरवायच्या आहेत, म्हणजे वीजकेंद्रांच्या घटीआड घरांचा धूर लपत नाही. तिच्या टाकीचा संबंध इथे येतो. 2020चं उद्दिष्ट राज्याने गाठलं खरं, पण ते टाळेबंदीचं वर्ष, त्यामुळे मी फारशी पाठ थोपटणार नाही. 2030चं अवघड दिसतंय. नोव्हेंबर 2025मध्ये राज्याच्याच प्रतिनिधीगृहाच्या एका समितीतून ते उद्दिष्ट फक्त मार्गदर्शक मानावं असा मसुदा पुढे आला. नुसता कागदी घोडा असता तर त्याचे पाय बांधायला कोण धावलं असतं?

आपल्याकडे असा कायदा नाही. मुंबई महापालिकेचा 2022चा वातावरण कृती आराखडा आहे. त्यात 2030पर्यंत 30 टक्के घट आणि 2050ला निव्वळ शून्य लिहिलं आहे, पण तो आराखडा, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. माळढोकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2024मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21मध्ये पाहिला. त्याच्या आधारे दाद मागता येईल. पण कोणत्या खात्याने कोणत्या तारखेपर्यंत किती घट करायची होती, असं न्यायाधीशांनी विचारलं, तर दाखवायला कलम नाही.