वाचकांचे प्रश्न : वरच्या खिशातला ब्लूज

गेल्या अंकात नाशिकच्या शहर बसचे एक चालक माऊथ ऑर्गनवर ब्लूज वाजवतात, एवढं चार ओळींत छापलं आणि त्यावर पत्रं येतच राहिली. त्यांतले काही प्रश्न आम्ही त्यांच्याकडे पोचवले. सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी शाळेच्या वहीत उत्तरं लिहून दिली. ‘नाव छापू नका, डेपोत आधीच मला अमेरिका म्हणून हाक मारतात,’ एवढी एकच अट.

बस चालवता चालवता वाजवता का हो? (पवननगर, सिडको)

नाही. दोन हात स्टेअरिंगला, डोळे रस्त्यावर आणि तोंड पुढच्या रिक्षावाल्यासाठी. बाजाला, म्हणजे माऊथ ऑर्गनला, जागाच उरत नाही. निमाणीच्या स्टँडला गाडी लागली आणि कंडक्टर हिशेबाला गेला की सात-आठ मिनिटं मिळतात. तेवढ्यात एक तर चहा, नाहीतर बाजा. चहा पिऊन लगेच वाजवलं तर साखर रीडमध्ये, म्हणजे आतल्या सुराच्या पट्ट्यांत, जाऊन बसते आणि सूर दबतो, म्हणून दोन्ही जमत नाही. बहुतेक वेळा चहाच जिंकतो. खरं वाजवणं रात्री, शेवटची फेरी झाल्यावर.

ब्लूज म्हणजे नेमकं काय? रडकी गाणी, असं ऐकून आहे. (गंगापूर रोड)

रडकी म्हणणाऱ्यांनी ती नीट ऐकलेली नाहीत, असं माझं मत.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली. पण मिसिसिपीकडच्या कापसाच्या शेतांत राबणारी काळी माणसं तीच आणि जमीनमालकही तेच. शेती वाट्यानं करायची, आणि वर्षअखेरीला वही उघडली की देणं मजुराकडेच निघायचं. सालदारकी पाहिलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. शेतातल्या हाका, कामाची गाणी, चर्चमधली भजनं हे सगळं कालवून जे निघालं ते ब्लूज. १९०३ च्या सुमाराला डब्ल्यू. सी. हँडी नावाचे एक बँडमास्तर टटवायलर नावाच्या आडगावच्या स्टेशनात गाडीची वाट बघत झोपले होते. जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर चाकू दाबून गिटार वाजवतोय. दोन रेल्वेलाइनी जिथं एकमेकींना छेदतात तिथं चाललोय, अशा अर्थाची एकच ओळ त्यानं तीनदा म्हटली. आपल्याकडे कुणी ‘मनमाडला चाललो’ एवढंच घोळवत बसावं, तसं.

साचा पुढं पक्का झाला. बारा मापं, प्रत्येक मापात चार मात्रा. पहिली चार सा धरून, मग दोन मध्यमावर, दोन परत सा वर, मग एक पंचम, एक मध्यम आणि शेवटची दोन सा वर. शब्दांचंही तसंच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते.

हे मला कुणी समजावलं तेव्हा आमच्या ओट्यावरचं जातं आठवलं. आई आणि चुलती समोरासमोर बसायच्या. आई ओवीची ओळ घ्यायची, चुलती तीच ओळ परत घ्यायची, आणि तेवढ्यात जातं दोन फेरे फिरायचं. लहानपणी मला वाटायचं, चुलतीला दुसरं काही येत नाही म्हणून ती तेच म्हणते. आता कळतं की ती आईला वेळ काढून देत होती. तेवढ्यात आईला पुढची ओळ सुचायची. तिकडच्या गाणाऱ्यालाही दुसऱ्या ओळीत तेवढीच उसंत मिळते. तिसरी ओळ तो पहिली परत म्हणता म्हणता शोधत असतो.

माझी एक सांगतो, म्हणजे साचा कळेल:

द्वारकेला अडकलो, घड्याळ काही थांबेना
अहो, द्वारकेला अडकलो, घड्याळ काही थांबेना
मागून आली डबल बेल, पुढचा ट्रक काही हालेना

(द्वारका म्हणजे आमच्या नाशिकचा गर्दीचा चौक. डबल बेल म्हणजे ‘गाडी सोडा’ ही कंडक्टरची खूण. दोरीची घंटा एसटीबरोबर गेली. जुलै २०२१ मध्ये शहर बस महापालिकेकडे आली, तेव्हापासून मी इथं आहे. शब्द मात्र आम्ही ठेवून घेतला.)

आता यात रडणं कुठं आहे? तक्रार आहे, आणि ती करताना पाय ठेका धरतो. ठेकाही सरळ चारचा नाही. प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन असतात, म्हणून तो दादऱ्यासारखा डुलतो. बुडालेल्या माणसाच्या गाण्याला असा डुलका नसतो.

ड्रायव्हरकीतून ब्लूजकडे कसे वळलात? (सिन्नर)

वळलो नाही, घाटात अडकलो. आधी मी ट्रकवर होतो. लासलगावचा कांदा वाशीला. देवळाली कॅम्पात जुन्या सामानाच्या एका दुकानातून दहा रुपयांची कॅसेट घेतली होती. वरचा कागद गायब, नुसतं प्लास्टिक. हिंदी गाणी असतील म्हणून घेतली. कसारा घाटात रात्री दीड वाजता पुढं ट्रकची रांग, धुकं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी. क्लिनर झोपलेला. कॅसेट लावली तर आतून कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज आला. क्लिनर दचकून उठला आणि म्हणाला, ‘उस्ताद, टेप गुंडाळली वाटतं.’ टेप गुंडाळली नव्हती, तो बाजा होता.

तीन-चार वर्षं मला त्याचं नाव माहीत नव्हतं. कॉलेज रोडच्या एका पोरानं ऐकून सांगितलं, हा शिकागोचा लिटल वॉल्टर. साधा माइक आणि बाजा एकाच ओंजळीत धरून तो वाजवायचा, म्हणून तसा आवाज. तो ज्याच्या बँडमध्ये होता तो मडी वॉटर्स १९४३ साली खेड्यातून शिकागोला आला, आणि सुरुवातीला दिवसा ट्रक चालवून रात्री गायचा. हे कळल्यावर मी त्या पोराला मिसळ खाऊ घातली.

आणि बी. बी. किंग, ब्लूजचा मोठा गिटारवाला! हा तर ट्रॅक्टर चालवायचा. १९४६ मध्ये शेडमध्ये ट्रॅक्टर लावताना त्याच्याकडून धुराडं मोडलं. मालकाच्या भीतीनं गिटार उचलली आणि मेम्फिसला पळाला. नंतर परत येऊन नुकसान भरून दिलं. माझ्याकडून नारायणगावजवळ डाव्या बाजूचा आरसा फुटला होता, तेव्हा ट्रकमालकानं दोन महिन्यांच्या पगारातून पैसे कापले, आणि मी कुठंही पळालो नाही. म्हणून तो बी. बी. किंग झाला आणि मी शहर बसवर आहे, असं आमची मंडळी म्हणते.

माऊथ ऑर्गन शिकायचा आहे. कोणता घ्यावा? (नाशिकरोड)

दुकानात ‘माऊथ ऑर्गन द्या’ म्हटलं की चोवीस भोकांचा, दोन मजली पुढं करतात. तो ट्रेमोलो. एका सुराला दोन रीड, एकमेकींपासून किंचित हललेल्या, म्हणून आवाज थरथरतो. सिनेमाच्या गाण्यांना छान. ब्लूजला निकामी. तुम्ही दहा भोकांचा मागा. होनर कंपनीचा मरीन बँड १८९६ पासून निघतो, पण सुरुवातीला साधा कुठलाही चालेल. स्केल सी घ्या, म्हणजे आपली पेटीवरची पांढरी एक.

आता गंमत. बाजा पांढरी एकचा, पण वाजवायचा पांढरी पाचमध्ये. म्हणजे सा कुठं? दुसऱ्या भोकात, श्वास आत ओढताना. आत ओढत गेलात की दोनला सा, तीनला गंधार, चारला पंचम, पाचला कोमल निषाद. बघा, खमाज रागाची वस्ती आपोआप मिळाली. ब्लूज असा बराचसा आत ओढून वाजवतात. फुंकायचं कमी.

पण मुख्य गोष्ट तिसऱ्या भोकात आहे. तिथं सूर ओढताना जीभ मागं घ्यायची, ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’कडे जायचं, की शुद्ध गंधार खाली सरकायला लागतो. कोमलपर्यंत पोचायच्या आधी मध्ये एक जागा आहे. ती पेटीवर नाही. जोग रागात दोन्ही गंधार येतात, ते ऐकून थोडा अंदाज येईल, पण ही जागा दोघांच्या मधली. मला ती सापडायला सात महिने लागले. पहिल्या महिन्यात नुसती हवा निघायची आणि गाल दुखायचे. घरच्यांनी मला गच्चीवर बसवलं, गच्चीवरून शेजाऱ्यांनी खाली बसवलं, शेवटी मी उभ्या बसमध्ये मागच्या सीटवर सराव केला. एके रात्री तो सूर वाकला तेव्हा साक्षीला फक्त झाडूवाल्या मावशी होत्या. म्हणाल्या, ‘बाई, मांजर अडकलं का काय कुठं?’ तेव्हा ओळखलं, जमलं.

तोंडात मावा ठेवून वाजवू नका. आमच्यातल्या एकानं माझा एक बाजा असाच घालवला.

नाशिकला स्वतःचं इतकं संगीत असताना हे परक्यांचं कशाला? (एक निवृत्त शिक्षक, पंचवटी)

सर, नमस्कार. तुमचं बरोबर आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर पंचवटीत राहिले, त्यांचे चिरंजीव दत्तात्रेयबुवा १९२१ साली नाशिकलाच जन्मले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांचं गाणं ऐकायला माझे वडील रात्र रात्र चालत जायचे. ढोलाचं तर विचारूच नका, गणपतीत दहा दिवस माझा हॉर्न कुणाला ऐकू येत नाही.

पण एक सांगतो. अमेरिकेत मॉन्टगोमेरी नावाचं शहर आहे. १ डिसेंबर १९५५ ला तिथल्या शहर बसमध्ये रोझा पार्क्स नावाच्या बाई कामावरून घरी चालल्या होत्या. गोऱ्या माणसासाठी सीट सोडा म्हटल्यावर त्या उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली आणि काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. पायी गेले, पण बसले नाहीत. ही गोष्ट सगळे सांगतात. ‘उठा’ म्हणणारा आणि पोलिसांना बोलावणारा कोण होता, हे मला फार उशिरा कळलं. तो बसचा ड्रायव्हर होता. माझ्याच धंद्यातला. त्या दिवशी नाशिकरोडपर्यंत मी आरशात मागच्या सीटा बघत गेलो.

आणि सर, निमाणीहून काळाराम मंदिर किती लांब आहे, हे पंचवटीकरांना मी काय सांगू. २ मार्च १९३० ला तिथं सत्याग्रह सुरू झाला, तोही आत येऊ द्या म्हणूनच. माझ्या आज्याला त्या दरवाजाबाहेरची उन्हाची जागा पाठ होती. तेव्हा हे गाणं मला परकं वाटत नाही. त्यांचा कापूस मी गात नाही, तो माझा नाही. मी द्वारका गातो.

तुमच्या बसचा हॉर्न कोणत्या सुरात आहे? (इयत्ता सहावी, देवळाली गाव)

शाब्बास! सध्याच्या गाडीचा पांढरी सहाच्या किंचित खाली. आधीच्या गाडीचा काळी चार होता, तो सुंदर होता. गाडी बदलली की सूर बदलतो. रिव्हर्सची पीप-पीप मात्र बेसूर आहे, तिच्या नादी लागू नकोस.

कार्यक्रम करता का? पैसे मिळतात? (इंदिरानगर)

दोन गिटारवाली पोरं आणि मी, महिन्यातून एखादेवेळी. पेट्रोल सुटतं. गेल्या हिवाळ्यात द्राक्षमळ्यांकडच्या एका रिसॉर्टवरून बोलावणं आलं. सगळं ठरलं. आदल्या दिवशी फोन: ‘काका, ड्रायव्हरचा युनिफॉर्म घालून याल का? पाहुण्यांना मजा येईल.’ मी म्हटलं, युनिफॉर्म ड्युटीचा आहे. ते म्हणाले, मग नुसता बिल्ला तरी लावा. मी गेलो नाही. पोरांचा एका रात्रीचा मोबदला बुडाला, त्याचं वाईट वाटतं. पोरं काही बोलली नाहीत, पण पुढच्या तालमीला उशिरा आली.

मागच्या महिन्यात मुंबई नाक्याला मी हात केला तरी बस थांबली नाही. चालक ओठांनी शीळ घालत होता. तुम्हीच का ते? (एक प्रवासी, भगिनी)

ताई, मीच असणार. शीळ नव्हती, तिसऱ्या भोकाचा सराव होता, बाजाशिवाय. पण थांबलो नाही ते त्यामुळं नव्हे. तुम्ही थांब्याच्या खांबापाशी नव्हता, पुढं झाडाच्या सावलीत होतात, आणि डावीकडं दोन रिक्षा घुसलेल्या होत्या. ऊन होतं हे खरं. खांबावर छप्पर नाही, हेही खरं. त्याबद्दल मीही दोनदा अर्ज दिला आहे. या महिन्यात मला पहाटेची पहिली गाडी आहे, निमाणीहून. तेव्हा ऊन नसतं. खांबापाशी उभ्या राहा, थांबतो.