भक्ती वाढली की झोप गेली?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मुलगा बावीस वर्षांचा, बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात चढतं तर कधी पार खचतं तो आजार; मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू. आठवडाभर रात्री तीनला उठून प्रार्थनेला बसतोय. तुमच्या मंडळातले म्हणतात त्याच्यावर कृपा झाली आहे, येत्या जागरणात त्याला पुढे बसवू. आणि तुम्ही विचारताय, मंडळाला आजाराचं सांगावं का. त्याचं उत्तर खाली देते, पण आधी आजच्या आज त्याच्या डॉक्टरांना फोन करा. मी डॉक्टर नाही, एका रुग्णाची बहीण आहे, त्यामुळे माझं सगळं त्या हिशेबानेच घ्या.

गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत वगैरे तुम्हाला माहीतच असणार. ते सोडून माझ्या हातून काय झालं तेवढं सांगते.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षं छान होता. मग त्याला प्रार्थनेची गोडी लागली. रात्री दोनला खोलीत दिवा, चारलाही दिवा. वहीत ओळी एकमेकींवर चढलेल्या, समास भरले म्हणून कडेने उभं लिहिलेलं. एका सभेत तो हातात कागदसुद्धा न घेता चाळीस मिनिटं बोलला. लोक रडले. मी ते मोबाइलवर टिपलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, अभिमानाने! आज तो व्हिडिओ लावला की पहिल्या मिनिटातच कळतं: एक वाक्य संपायच्या आत पुढचं त्याला ढकलतंय, आणि त्याची पापणी लवत नाही.

त्याच्या आधीच्या वेळी हेच सगळं धंद्याच्या योजनांवरून झालं होतं. तेव्हा मी चौथ्या दिवशी ओळखलं आणि त्याला डॉक्टरांकडे नेलं. या वेळी तोंडी देवाचं नाव होतं म्हणून तीन आठवडे ओळखलं नाही. माझी चूक ती एवढीच, पण फार महागात पडली. त्यातच जागरण झालं. बायपोलरमध्ये एका रात्रीची झोप मोडली तरी मनाचा तोल जाऊ शकतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे तीन दिवस तो अजिबात झोपला नाही, आणि चौथ्या दिवशी बचत खात्यातलं होतं नव्हतं ते सगळं त्याने मंडळाला दान केलं.

मंडळाने ते घेतलं. आम्ही ॲडमिटचे कागद घेऊन गेलो तेव्हा कार्यालयातल्या माणसाने दानाची वही आमच्यापुढे सरकवली, 'सही त्यांचीच आहे ना?' म्हणाला. वर 'पूर्ण बरे झाल्याशिवाय आणू नका, लोक बिचकतात' हेही ऐकवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या पाया पडणारे हेच लोक. बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. मानसिक आजारातून बरं वाटावं म्हणून मध्ययुगात तिथल्या संत डिम्फनाच्या चर्चकडे इतके लोक यायचे की जागा पुरेना, मग गावकऱ्यांनी रुग्णांना आपापल्या घरी ठेवून घेतलं. ती पद्धत अजून चालू आहे, २०२३ मध्ये युनेस्कोने तिची दखलही घेतली. तिथले लोक बिचकले नसतील का? असो, माझं रक्त अजून तापतं.

दवाखान्याचंही सगळं शहाणपणाचं नव्हतं. तिथल्या एका डॉक्टरांनी भावाच्या समोरच 'हे देवाचं खूळ आधी बंद करा' म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो त्यांच्याशी बोललाच नाही. अँटन बॉइसेन नावाचे अमेरिकन धर्मोपदेशक १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात होते. बरे झाल्यावर ते अशाच एका रुग्णालयात धर्मसेवक झाले आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणून शिकवू लागले. आजारपणात जाणवलेला देव खरा की तो नुसता आजार, हा प्रश्न माझ्या भावालाही छळतो. त्यावर त्याच्याशी शांतपणे बोलणारं कुणीतरी हवं, पण ते तो झोपायला लागल्यावर.

आता सांगावं का. माझं मत, सगळ्या मंडळाला नको, एका माणसाला सांगा, आणि मुलाच्या संमतीने. तो शांत असेल तेव्हा त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या: माझी झोप कमी दिसली, मी भरभर बोलायला लागलो, तर आईला फोन करा. कौतुक नको, फोन करा. तो आत्ता नाही म्हणाला तर आजाराचं नाव न काढता 'त्याला रात्री जागवायचं नाही' एवढं तुम्ही सांगूच शकता. जागरणाऐवजी त्याला सकाळचं काम द्यायला सांगा, खुर्च्या मांडायचं का असेना. आणि त्याच्याकडून पैसे घेण्याआधी तुम्हाला विचारायला सांगा, हे तर नक्कीच.

उपासाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मंडळ म्हटलं की तोही येतोच. लिथियमवर निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातलं प्रमाण चढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते प्रमाण वाढतं, जागरणानंतर डोकं दुखलं म्हणून कुणीतरी सहज हातावर ठेवतं.

मंडळाने काय करावं असं कुणी विचारलंच, तर मला आमच्याकडे येणारे एक आजोबा आठवतात. मंडळातून तेवढे एकटेच आले. दर गुरुवारी वर्तमानपत्र घेऊन यायचे, शब्दकोडं उघडायचे आणि 'आडवे सात, चार अक्षरी' म्हणून भावाकडे बघायचे. औषधांनी त्याचा हात इतका कापायचा की अक्षर चौकटीबाहेर जायचं. आजोबा ते खोडायचे नाहीत. प्रार्थनेचा विषय त्यांनी काढलाच नाही, पाचव्या का सहाव्या गुरुवारी भावानेच काढला.

फोन केलात की इथे लिहा. लिथियमची शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते आधी शोधून ठेवा, पहिलं तेच विचारतील. पुन्हा करायला सांगितली तर रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, त्यामुळे सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर.